उभी बेरीज, आडवी बेरीज: मिरजेतला हार्मनीचा क्लास, वीस महिन्यांनंतर

या क्लासला पाटी नाही, मोबाइलच्या नकाशावर खूण नाही, आणि बाईंनी बजावून सांगितलंय की नाव छापलंत तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका. त्यामुळे नाव देत नाही. मिरजेत सतार-तंबोऱ्यांच्या दुकानांच्या ओळीत जाऊन 'पायपेटीवाल्या बाई' म्हणून विचारा. पहिला नाही तर तिसरा दुकानदार हात करून दाखवेल. मीही तसाच पोचलो.

मी दिवसा सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत्याकडे हिशेब लिहितो. संध्याकाळी पेटी. भजनी मंडळात तीस वर्षं, नाट्यगीतांच्या कार्यक्रमांत साथीला पंधरा-सोळा वर्षं, आणि अलीकडं एका सीनियर कॉलेजच्या पोरांना युवा महोत्सवासाठी समूहगीत बसवून देतो. शेवटच्या या कामानंच मला अडचणीत आणलं. समूहगीत म्हटलं की आता सगळ्यांना 'हार्मनी' पाहिजे असते, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या आवाजांत वेगवेगळे सूर. दोन मुली वरनं, तीन पोरं खालनं, मध्ये कुणीतरी आ-आ. मी काय करायचो, कीबोर्डवर डाव्या हाताला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर, धरायचो, त्यातला एकेक सूर एकेकाला वाटून द्यायचो. रेशनच्या दुकानात साखर वाटतात तसं. ऐकायला बरं लागायचं, पण दुसऱ्या ओळीला पोरं हमखास घसरायची आणि का घसरतात ते मला सांगता यायचं नाही.

म्हणून आधी एका परदेशी विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स केला, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पातळीचा. शिकवणारा माणूस चांगला, चित्रं चांगली. पण सगळी परीक्षा चार पर्यायांतला एक निवडा. या कॉर्डचं नाव काय, ही कॅडेन्स (ओळ संपवणारी कॉर्डची जोडी) कोणती. मी शंभरपैकी ब्याण्णव मिळवले. प्रमाणपत्राची प्रिंट काढून दुकानात गल्ल्यामागं लावली, शेटजींनी पेढे आणले. आणि त्याच आठवड्यात पोरांसाठी चार आवाजांत चार ओळी लिहायला बसलो तर हात चालेना. नावं पाठ होती. गल्लीतल्या सगळ्या माणसांची नावं माहीत, पण कुणाशी बोलायचं कसं ते माहीत नाही, अशी गत. माझा स्वाध्याय वाचून 'हे चुकलंय' म्हणणारं तिकडं कुणी नव्हतंच.

बाईंकडं ते म्हणणारं माणूस आहे. जरा जास्तच आहे.

बाई सत्तरीच्या पुढच्या. लहानपणापासून चर्चमध्ये ऑर्गन, मग मुंबईला राहून रीतसर शिक्षण, पुढं अनेक वर्षं शाळेत नोकरी. वरच्या मजल्यावर एक खोली. त्यात दमट हवेनं खालचे दोन सूर बसलेला एक उभा पियानो, एक जुनी पायपेटी, कोपऱ्यात खोळीतला मिरजेचा तंबोरा, आणि पाच ओळींचे पट्टे आखलेला काळा फळा. आम्ही चौघं. मी, रेल्वेत नोकरीला असलेले एक गृहस्थ, इंजिनिअरिंगची एक मुलगी आणि नर्सिंगची एक. पाचव्याला बाई घेत नाहीत. कारण नंतर कळलं.

पहिले सहा आठवडे मला फार जड गेले. नोटेशन म्हणजे आमच्यासाठी भातखंड्यांची किंवा पलुसकरांची लिपी. सारेगम लिहिलं की झालं. इथं पाच ओळी, वर ट्रेबल क्लेफ (उंच सुरांच्या पट्ट्याची खूण), खाली बास क्लेफ (खालच्या सुरांची), आणि तोच ठिपका वरच्या पट्ट्यात एक सूर तर खालच्यात दुसरा. इंजिनिअरिंगची पोरगी दोन आठवड्यांत वाचायला लागली. मी रात्री जेवण झाल्यावर पोराच्या वहीत ठिपके मोजत बसायचो. बायको म्हणाली, रांगोळी शिकताय का. हे सहा आठवडे बाईंना सारेगमच्या आधारानं सोपे करता आले असते असं मला अजूनही वाटतं. त्यांचं म्हणणं, कुबडी दिली की पाय धरत नाही. असेल.

पण ते सरल्यावर एक गोष्ट ध्यानात आली आणि जीव हलका झाला. तिकडं कॉर्डला रोमन आकडे देतात. एक, चार, पाच. म्हणजे स्वरसप्तकातल्या कितव्या सुरावर ती उभी आहे ते. पट्टी बदलली तरी आकडा तोच. आता हे तर आपण जन्मापासून करतो! गायिकेनं काळी पाच सांगितली काय आणि पांढरी चार सांगितली काय, सा तो सा आणि प तो प. जे पहिल्यापासून ठरावीक सुरांच्या नावांनी शिकतात त्यांना हे डोक्यात बसवावं लागतं, आम्हाला आयतं होतं. बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा 'बरं' म्हटलं. त्यांचं 'बरं' म्हणजे इतरांची शाबासकी.

खरा क्लास तिथून सुरू झाला. बाईंचा स्वाध्याय नेहमी एकच असतो. बासची, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाची ओळ दिलेली असते, तिच्या वर तीन आवाज तुम्ही लिहायचे: टेनर (पुरुषांचा वरचा), आल्टो (बायकांचा खालचा), सोप्रानो (बायकांचा वरचा). काही वेळा बासच्या सुराखाली आकडे असतात. गंधाराखाली ६ असेल तर गंधारापासून वर तिसरा आणि सहावा सूर घ्या. म्हणजे ग, प आणि वरचा सा. कॉर्ड तीच सा-ग-पची, फक्त ग तळाला बसलाय. याला फिगर्ड बास म्हणतात. बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या काळातले वादक असे आकडे बघून आयत्या वेळी वाजवायचे. आकड्यांचं मला काय भय? रोजकीर्दीचा माणूस मी. धडाधड भरून टाकलं आणि मंगळवारी वही पुढं केली.

नऊ लाल गोल.

प्रत्येक कॉर्ड बरोबर होती, हे मुद्दाम सांगतो. एकही सूर कॉर्डच्या बाहेरचा नव्हता. तरी नऊ गोल. मी म्हटलं, बाई, बेरीज तर जुळतीय की. त्यांनी विचारलं, दिवाणजी (मला त्या तेव्हापासून दिवाणजीच म्हणतात), तुमच्या खतावणीत फक्त उभी बेरीज करता का? म्हटलं, नाही, उभी आणि आडवी दोन्ही. दोन्हीकडनं ताळा बसला तरच पान बंद करतो. 'मग इथली आडवी कोण करणार?'

तेवढ्यानं माझं डोकं उघडलं. तोपर्यंत मी प्रत्येक कॉर्ड म्हणजे एक उभा रकाना धरत होतो. पण गाणारा पोरगा आडवा जातो. त्याला शेजारच्या रकान्यात काय आहे याच्याशी मतलब नसतो, त्याला आपल्या या सुरावरून आपल्या पुढच्या सुरावर जायचं असतं. माझी पोरं दुसऱ्या ओळीला घसरायची ती यामुळं. मी टेनरला पंचमावरून कोमल निषादावर, तिथून तीव्र मध्यमावर उडवत होतो, कारण माझ्या बोटांना ते जवळ होतं.

एक उदाहरण देतो, पेटी असेल तर आत्ता वाजवून बघा. सा-ग-प धरा. आता म-ध-सा पाहिजे. सगळा हात उचलून वर न्यायचा नाही. सा तिथंच राहू द्या, ग फक्त म वर सरकवा, प फक्त ध वर. झाली चौथी कॉर्ड. परत सा-ग-प ला या. आता पाचवी, म्हणजे प-नि-रे. पंचम तसाच ठेवा, सा खाली नि वर, ग खाली रे वर. कुणीही एका घरापलीकडं गेलं नाही. खरी गंमत चौथीवरून पाचवीवर जाताना आहे, कारण या दोघींत एकही सूर सामाईक नाही. बास म वरून प वर चढतो. मग वरचे तिघं? माझ्यासारखा कीबोर्डवाला त्यांनाही एकेक घर वर चढवतो. बाईंचा लाल गोल तिथंच पडतो. बास वर गेला तर बाकीचे खाली उतरायचे: ध चा प, सा चा नि, म चा रे. बैलगाडी घाटात उतरताना माणसं मागं ओढून धरतात, तसं.

का, तर पॅरलल फिफ्थ. दोन आवाज एकमेकांपासून पाचव्या अंतरावर असतील आणि तसेच हातात हात घालून पुढच्या पाचव्यावर गेले, तर ते दोन न राहता एकच जाड आवाज ऐकू येतो. बाईंच्या भाषेत, 'चौघांना बिदागी दिलीय, तर चौघं ऐकू आले पाहिजेत.' आठव्याचंही तेच. मी वाद घातला. म्हटलं, आमचा तंबोरा चोवीस तास सा-प, सा-प म्हणतोय, आमच्या कानाला हे गोडच लागतं. त्यांनी ते मान्य केलं. गोड लागतंच, म्हणाल्या, पण गोड लागतंय म्हणून तुम्ही चौघांची शैली लिहायला बसून तिघांची लिहिणार का? हा नियम निसर्गाचा नाही, एका काळातल्या एका प्रकारच्या गाण्याचा आहे, हे त्यांनी साफ सांगितलं. असं सांगणारा शिक्षक मला आजवर दोन्हीकडच्या संगीतात क्वचितच भेटलाय.

चौघंच का घेतात ते यावरून कळलं असेल. लिहिलेला स्वाध्याय चौघांनी उभं राहून गायचा. हे या क्लासचं खरं वैशिष्ट्य. पियानोवर वाजवून दाखवत नाहीत. सूर देणारा चिमटा, ट्यूनिंग फोर्क, आपटून कानाला लावतात, एक सूर देतात, आणि चला. मी बास, रेल्वेवाले टेनर, नर्सिंगची मुलगी आल्टो, इंजिनिअरिंगची सोप्रानो. ज्याचा स्वाध्याय असेल त्यानं त्या दिवशी सगळ्यांचे शिव्याशाप खायचे. माझ्या चौथ्या स्वाध्यायात त्या नर्सिंगच्या पोरीला सलग अकरा वेळा एकच पंचम होता. गाऊन झाल्यावर ती म्हणाली, काका, मी मधे पाणी पिऊन आले असते तरी चाललं असतं. आल्टोची हीच तक्रार असते म्हणे सगळ्या जगात. बाई म्हणतात, आल्टो म्हणजे घरातली मधली सून. तिला कुणी विचारत नाही, पण ती चार दिवस माहेरी गेली की चहासुद्धा वेळेवर होत नाही. मग त्यांनी तिला गप्प बसवून आम्हा तिघांना गायला लावलं. खरंच घर बसलं. आत नुसती पोकळी.

बाखची कोराल, म्हणजे चार आवाजांत बांधलेली चर्चमधली भजनं, हे इथलं पाठ्यपुस्तक. साडेतीनशेहून जास्त आहेत. आम्ही वीस महिन्यांत तीस-बत्तीस गायली असतील. पहिले आठ महिने दुसरं काही नाही. यावर लोक कंटाळून जातात, माझ्यासमोर दोघं गेले. गिटारवाला एक पोरगा तीन आठवड्यांत पळाला. त्याला सिनेमातल्या गाण्यांच्या कॉर्ड पाहिजे होत्या. त्याला मी एवढंच सांगितलं असतं की सिनेमाच्या गाण्यांमागच्या व्हायोलिनच्या ओळी लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझांसारखे गोव्याचे लोक हेच शिकून आले होते. पण तो थांबला नाही.

आता तंबोऱ्याची गोष्ट. ही एकच संध्याकाळ पुऱ्या फीची वसुली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पावसाळ्याचे दिवस, लाइट गेलेले. बाईंनी खोळीतनं तंबोरा काढला. पायपेटीच्या सुराला लावला. जव्हारीचे दोरे बोटाच्या टोकानं एवढे-एवढे सरकवले आणि नुसता छेडत बसल्या. प, सा, सा, खर्ज. प, सा, सा, खर्ज. अंधारात आम्ही चौघं. मग विचारलं, कोणते सूर ऐकू येतायत? पोरींनी सांगितलं सा आणि प. मी तीस वर्षं तंबोऱ्याशेजारी बसलेला माणूस, मी म्हटलं गंधार. खर्ज छेडला की त्याच्या पोटातनं गंधार येतो. बाई म्हणाल्या, तार कुणी लावलीय गंधाराची? कुणी नाही. तुमची पहिली कॉर्ड ही अशी, एका तारेच्या पोटातनं आलीय. फ्रान्सच्या रामोनं १७२२ मध्ये हार्मनीचं शास्त्र मांडलं. कॉर्ड म्हणजे तळाच्या एका सुराचं कुटुंब, हा त्याचा विचार. मिरजेच्या खोलीत तो अंधारात ऐकू येत होता.

मग त्यांनी तंबोरा रेल्वेवाल्यांच्या हातात दिला, छेडत राहा म्हणाल्या, स्वतः पायपेटीवर बसल्या आणि वरचा गंधार दाबला. नुसता एक सूर. हवा थरथरायला लागली. तंबोऱ्याचा गंधार आणि पेटीचा गंधार एकमेकांना टकरा देत होते, पंख्याच्या पात्याला कागद लागावा तसा आवाज. नर्सिंगच्या पोरीनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

घरी जाऊन मी गणित मांडलं. विशारदच्या अभ्यासात सा २४० धरतात, तसा धरला. खर्ज १२०. त्याच्या पोटातला गंधार पाचपट, म्हणजे ६००. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, त्या हिशेबानं तोच गंधार येतो ६०४.८ वर. फरक ४.८, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच टकरा. एका अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर पेटीचा गंधार चौदा भागांनी चढा आहे. तीस वर्षं मी गायकांच्या शेजारी बसून हा चढा गंधार वाजवत आलोय, आणि ते बिचारे माझ्याकडं बघून हसतायत असं मला वाटायचं.

सांगलीच्या माणसाला हे नवीन वाटायला नको होतं, याचीच लाज वाटली. आमच्याच गावचे कृष्णाजी बल्लाळ देवल, सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर, शंभर वर्षांमागं याच भानगडीच्या मागं लागले होते. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक सुरांवर, पुस्तक छापलं. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज आयसीएस अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी करवून घेतली, आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ त्यांच्या प्रयोगांत सामील होते. तेच खाँसाहेब, ज्यांची समाधी मिरजेच्या दर्ग्यात आहे आणि जिथं दरवर्षी गवई हजेरी लावतात. पुढं १९४० मध्ये रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत पूर्ण राहिली. पेटीवाला म्हणून मला त्या बंदीचा फार राग होता. त्या रात्री राग थोडा कमी झाला. थोडाच.

बाईंना विचारलं, मग तुमचं सगळं हार्मनीशास्त्र चढ्या गंधारावरच उभं आहे की! त्या म्हणाल्या, पेटीवर आहे, गळ्यात नाही. चौघं बिनवाद्याचं गायला लागले आणि कान शाबूत असले तर गंधार आपोआप खाली बसतो. म्हणूनच पियानो बंद ठेवते. वीस महिन्यांत दोन-तीनदाच आमचा तसा गंधार बसलाय. तेव्हा खोलीत पाचवं माणूस गातंय असं वाटतं.

आता माझी फजिती. कॉलेजच्या पोरांसाठी मी एक निसर्गगीत भूप रागात बांधलं होतं. क्लास लावून वर्ष झालेलं, अंगात आलेलं. चार आवाज, चौथी कॉर्ड, पाचवी कॉर्ड, शेवटी झकास कॅडेन्स, सगळे नियम पाळून. लाल गोल शोधून सापडणार नाही असं. मोबाइलवर रेकॉर्ड करून बाईंना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, छान आहे, पण भूप कुठं गेला?

माझ्या पोटात गोळा आला. भूपात म आणि नि वर्ज्य, हे लहान पोरालाही माहीत. चौथी कॉर्ड म्हणजे म-ध-सा. पाचवी म्हणजे प-नि-रे. दोन्हीत वर्ज्य सूर बसलेला! मुली वरनं शुद्ध भूप गात होत्या आणि पोरं खालनं सातही शुद्ध सुरांचा बिलावल. मी, तीस वर्षं पेटी वाजवणारा, त्या कॅडेन्सच्या नादात हे ऐकूच शकलो नव्हतो. बाखच्या गावाला गेलो आणि घरची वाट विसरलो.

बाईंनी उत्तर दिलं नाही, वही पुढं केली. भूपाच्या पाच सुरांत पूर्ण कॉर्ड किती होतात, लिहा. लिहिल्या. सा-ग-प एक. ध-सा-ग दोन. संपलं. दोनच. बाकी कुठलीही धरा, म किंवा नि आडवा येतो. दोन कॉर्डवर तीन मिनिटांचं गाणं कसं उभं करायचं? तिथं उभी बेरीज कामाची नव्हती, आडवीच करायची होती. पोरांना खाली सा-प धरायला लावलं, तंबोऱ्यासारखं. मुलींना मूळ चाल. मधल्या आवाजाला भूपाचेच पाच सूर वापरून वेगळी ओळ, जी मुली थांबल्या की चालते आणि मुली चालल्या की थांबते. अंतऱ्याला तीच चाल दुसऱ्या गटानं दोन मात्रा उशिरा उचलायची. हे मला आधी अवघड वाटलं होतं, पण भूपात अर्ध्या सुराची ठेच कुठंच नाही आणि म-नि मधलं ते तीन सुरांचं खडबडीत अंतरही नाही, त्यामुळे कुठलाही सूर कुठल्याही सुरावर पडला तरी फार बोचत नाही. पोरांनी तीन दिवसांत बसवलं. कुणी घसरलं नाही.

बक्षीस मिळालं नाही. एका परीक्षकानं सांगितलं, वेस्टर्न वाटत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, इंडियन वाटत नाही. पोरं नाराज झाली, मी परत येताना गाडीत गुणगुणत आलो.

तक्रारी आहेत, त्या लिहितो. नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. बास क्लेफच्या खालच्या ओळी इतक्या फिकट की मी एकदा सबंध स्वाध्याय एक ओळ चुकवून सोडवला. डिसेंबरात नाताळच्या गाण्यांसाठी बाई चर्चमध्ये अडकतात आणि क्लास अडीच आठवडे बंद, फी मात्र पूर्ण. फी महिना अठराशे होती, यंदा बावीसशे केली. आठवड्याला दोनदा दीड तास आणि चारच विद्यार्थी हे बघता ती जास्त नाही, पण आधी सांगायला पाहिजे होतं. लयीच्या अंगाकडं जवळजवळ दुर्लक्ष आहे. सगळं संथ, सगळं चार-चार मात्रांत, तबला ऐकणाऱ्या कानाला उपाशी ठेवल्यासारखं होतं. नव्या जमान्याच्या कॉर्ड, नववा-अकरावा सूर लावलेल्या, 'पुढच्या वर्षी' यापलीकडं अजून आलेल्या नाहीत. आणि जिना. तो मी वर्णन करून सांगणार नाही. गुडघेवाल्यांनी आधी कुणाला तरी बघायला पाठवा.

प्रमाणपत्र मिळत नाही. इंजिनिअरिंगच्या मुलीनं स्वतःच्या हौसेनं एबीआरएसएम या इंग्लंडच्या संगीत परीक्षा मंडळाची ग्रेड ५ थिअरी घरबसल्या दिली. ७५ पैकी ५० ला पास असते, तिला साठाच्या वर पडले. पण ती परीक्षा स्वरलिपी, पट्ट्या, अंतरं यांची आहे. चार आवाजांची भानगड त्यापुढच्या ग्रेडला सुरू होते, आणि बाईंचा क्लास त्याही पुढं जातो. विद्यापीठात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला हार्मनी म्हणून जे शिकवतात, त्यातलं बरंचसं आमच्या वह्यांत आहे. एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जाणं, म्हणजे मॉड्युलेशन, सध्या चालू आहे. बाईंनी ते आमच्या मूर्च्छनेवरून सुरू केलं. सा उचलून दुसऱ्या सुरावर ठेवला की बिलावलचा काफी होतो, भैरवी होते, कल्याण होतो. पण तिथं नुसता सा हलवला की झालं, आणि इथं मात्र घर बदललंय हे ऐकणाऱ्याला कळलंच पाहिजे, नव्या पट्टीची पाचवी कॉर्ड आणून, तिचा नि नव्या सा ला टेकवून. माझे सध्या प्रत्येक स्वाध्यायाला तीन ते चार गोल असतात. रेल्वेवाल्यांचे दोन. ते बदली होऊन गेले तर टेनर कोण, ही आमची मोठी काळजी आहे. कुणी असेल तर कळवा. गळा मध्यम चालेल, कान पाहिजे.

सांगलीहून येणार असाल तर मंगळवार-शुक्रवार, साडेसहा ते आठ. सिटी बस मिळते, परतीला आठनंतर वाट बघायची तयारी ठेवा. गाडी खाली बोळात लावू नका, शेजारी रागावतात. संगीताची आखलेली वही सांगलीत मिळते, पण तिच्या ओळी इतक्या जवळ असतात की चार आवाज मावत नाहीत. मी हिशेबाच्या लांब वहीत फूटपट्टीनं आखून नेतो, आता चौघंही तेच करतात. पेन्सिल न्या, खोडरबर दोन न्या. पेन नेऊ नका. मी पहिल्या दिवशी नेलं होतं. बाईंनी ते काढून घेऊन खिडकीत ठेवलं, ते अजून तिथंच आहे.